शंभर टक्क्यांच्या पुढे

सुचेता पागेला टाउनशिपमध्ये चेहऱ्यानं ओळखणारे कमी आणि आवाजानं ओळखणारे जास्त. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. "नमस्कार, बोलिए," एवढं ती म्हणाली की फोन करणारा बडा साहेब असो की गेटवरचा शिपाई, त्याला वाटायचं, ही बाई माझ्याच फोनची वाट बघत बसली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. वडील उज्जैनहून भोपाळला फाउंड्रीत नोकरीला आले होते. ते गेले, आणि पुढे तिलाही कारखान्यात नोकरी लागली, तशी आई मंगलाबाईंना घेऊन ती टाउनशिपच्या क्वार्टरमध्येच राहिली. दिसत नाही म्हणून कुणी हळहळलं की तिचं डोकं सटकायचं. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तुम्हांला दोन्ही येतं, पण ऐकता कुठे?" असं ती सरळ तोंडावर सुनावायची.

आवाज जमवायचा तिला नाद होता. लहानपणी वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर, पुढे कॉम्प्युटर घेतल्यावर त्यावर. क्वार्टरांमागच्या झाडीतले मोर, भरून वाहणारी पाण्याची टाकी, पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणाऱ्या सायकलींच्या घंट्या, सगळं तिच्याकडे होतं. आणि होता कारखान्याचा जुना भोंगा. खोल पोटातून उठून वर चढत जाणारा, शेजारच्या इंद्रपुरी वस्तीच्याही पलीकडे ऐकू जाणारा. तो कधीच बंद झाला होता. त्याच्या जागी आलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र सर्दी झालेल्या डासासारखं वाजायचं. जुन्या भोंग्याचा आवाज आख्ख्या वस्तीत फक्त सुचेताच्या संग्रही शिल्लक होता. शाळेत असताना गच्चीवर चढून तिनं तो टेपवर घेतला होता.

टाउनशिपच्या मराठी मंडळानं त्या वर्षी नाटक बसवलं ते या भोंग्यावरूनच. शाळेतल्या वैजयंती जटारबाईंनी लिहिलेलं, 'दुसरी पाळी' नावाचं. एक म्हातारा कामगार निवृत्त झालाय, पण भोंगा झाला की अजूनही डबा उचलून दाराकडे धावतो. नाटकाच्या शेवटी भोंगा होतो, पूर्ण वाजतो, आणि म्हातारा पहिल्यांदाच जागचा हलत नाही. शेवटच्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. होता तो फक्त भोंगा. म्हाताऱ्याचं काम दिगंबर शितोळे करत होते, आणि ते स्वतःच निवृत्त कामगार असल्यामुळे त्यांना अभिनय करावाच लागत नव्हता. दिग्दर्शक होते भालचंद्र देवघरे, कारखान्यात इंजिनियर, मूळचे नागपूरचे, मनानं मोठे आणि स्वभावानं भलते घाईचे. आवाजाची सगळी जबाबदारी सुचेताची.

प्रदेशातल्या मराठी मंडळांच्या नाट्यस्पर्धेची पहिली फेरी टाउनशिपच्या क्लबातच होती. दुपारी भालचंद्र स्कूटरवरून सुचेताच्या घरी आले. मुलानं पुण्याहून पाठवलेली, तळहाताएवढी नवी हार्ड डिस्क त्यांनी मंडळाला देऊन टाकली होती. नाटकाचे सगळे आवाज त्यात भरून क्लबातल्या कॉम्प्युटरला जोडायचे, असं ठरलं होतं. सुचेतानं कॉपी सुरू केली. तिच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. ते आपल्या इंग्रजी हेलात टक्के सांगत होतं, आणि भालचंद्र पडद्यावर सरकणारी हिरवी पट्टी बघत होते.

"अरे वा, पळून राहिली बघ पट्टी! आमच्या ऑफिसातली तर गोगलगाय आहे."

"इंदूरच्या मावसभावानं सेटिंग बदलून दिलंय," सुचेता म्हणाली. "म्हणाला, आता कॉपी झटक्यात होईल."

शंभर टक्के झाले. सॉफ्टवेअर 'कंप्लीट' म्हणालं, पट्टी भरली, खिडकी मिटली. भालचंद्रांनी वायर उपसली, डिस्क खिशात टाकली आणि स्कूटरला किक मारली.

प्रयोग रंगला. मोर वेळेवर ओरडले, सायकली वेळेवर सुटल्या. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर दिगंबरकाका डब्याकडे बघत बसले आणि सुचेतानं भोंगा लावला. तो उठला, चढला, आणि ऐन चढावर कुणी मानगूट धरावी तसा तुटला. पुढे काहीच नाही. कळा दाबून दाबून तिची बोटं दुखली. शितोळेकाका बिचारे तसेच बसून राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली का रे?" आणि सभागृहात हशा पिकला.

बाकीच्या नाटकाच्या जोरावर मंडळाला पुढच्या फेरीत जागा मिळाली खरी, पण विंगेत सुचेताच्या कानावर जे पडायचं ते पडलंच. "बघणाऱ्याचं काम न बघणाऱ्याला दिलं की असंच होणार." बोलणारी बाई हळू आवाजात बोलली होती. पण सुचेताला हळू बोललेलं जास्तच स्पष्ट ऐकू यायचं.

घरी येऊन ती जेवली नाही. मंगलाबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, नाटक आहे. जगबुडी नाही झाली."

"आई, चूक माझी असती तर मी मान खाली घातली असती. पण चूक कुठे झाली तेच मला कळत नाहीये. ती कळल्याशिवाय मी ही गोष्ट सोडणार नाही."

मंगलाबाईंना मुलीचा स्वभाव माहीत होता. त्यांनी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच सुचेता कॉम्प्युटरपुढे बसली. डिस्क तिनं मागून आणली होती. आधी घरचा मूळ भोंगा ऐकला. तो अखंड होता. मग डिस्कवरचा ऐकला. तो तिथेच तुटत होता, जिथे काल तुटला. म्हणजे गडबड वाजवताना नव्हे, भरतानाच झाली होती. तिनं पुन्हा सगळं कॉपीला लावलं. टक्के चढत गेले. 'कंप्लीट' असं सॉफ्टवेअर म्हणालं. कालही ते हेच म्हणालं होतं. सुचेताला एकदम थकल्यासारखं झालं आणि तिनं टेबलावर डोकं टेकलं. कान लाकडाला लागला.

आणि लाकडातून आवाज आला.

खर्र. खर्र खर्र. मग जरा थांबून पुन्हा खर्र. पालीनं कागदावरून पळावं तसा, बारीक पण न थांबणारा. तिनं हातानं चाचपून डिस्क शोधली आणि सरळ कानालाच लावली. डिस्कच्या पोटात काम चालू होतं. बाहेर 'पूर्ण झालं' अशी दवंडी पिटून कॉम्प्युटर मोकळा झाला होता, आणि आत डिस्क आपली मान मोडून लिहीतच होती.

सुचेता तशीच बसून राहिली, कानाशी डिस्क धरून. खरखर बरीच चालली. मंगलाबाईंचा कुकर झाला, शेजारच्या सरोजबाई दही मागून गेल्या, तरी चाललीच होती. मग एकदम थांबली. उरली ती नुसती एकसुरी गुणगुण. तिनं डिस्क रीतसर मोकळी करून काढली, पुन्हा जोडली, भोंगा लावला.

भोंगा पुरा वाजला. पहिल्यापासून शेवटच्या उसाशापर्यंत.

"आई!" ती इतक्या जोरात ओरडली की मंगलाबाई हातात उलथनं घेऊनच धावत आल्या. "आई, ती पट्टी खोटं बोलते!"

दुपारभर तिनं तोच खेळ केला, आणि आता तिला त्यात मजा वाटायला लागली होती. 'कंप्लीट' म्हणताच डिस्क उपसली की भोंगा तुटलाच. खरखर थांबेपर्यंत दम धरला की भोंगा अखंड. एकदाही उलट झालं नाही. मग तिनं इंदूरला मावसभावाला फोन लावला आणि त्याच्याकडून खुलासा काढून घेतला. त्यानं बदललेल्या सेटिंगमुळे कॉम्प्युटर सगळा माल आधी स्वतःच्या डोक्यात घेत होता, घेऊन झाला की 'झालं' म्हणून मोकळा होत होता, आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवत होता. पट्टी दाखवायची ते पहिलं काम. दुसरं काम कुणालाच दिसत नव्हतं. आणि भोंग्याची फाइल सगळ्यांत मोठी, सगळ्यांत शेवटची, म्हणून गळफास तिलाच बसत होता.

संध्याकाळी भालचंद्र आले. खुर्ची ओढण्याच्या आवाजावरूनच सुचेतानं ओळखलं की यांना काहीतरी अवघड बोलायचंय.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "कमिटीत बोलणं झालं. फायनलला आवाजाचं आपल्या मंडळातल्या दत्तूला देऊन पाहू म्हणतात. तू त्याच्या बाजूला बस, त्याला सांग, कधी काय ते..."

"काका, आधी मी एक दाखवते. नंतर कमिटीला काय हवं ते करू दे. तुम्ही कारखान्यात मशीन तपासता ना? आतलं बेअरिंग खराब आहे की नाही, ते कसं ओळखता?"

"मीटर असते ना."

"आणि मीटर नसलं तर?"

भालचंद्र हसले. "मग काय, जुनी पद्धत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाला. सगळं ऐकू येते."

"आई, शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर दे गं."

तिनं कॉपी लावली. पट्टी भरली, खिडकी मिटली. "झालं," भालचंद्र म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात वायरकडे गेला. सुचेतानं तो वरच्या वर धरला आणि त्यात स्क्रूड्रायव्हर दिला. भालचंद्रांनी टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली. मंगलाबाईही दारात उभ्या राहिल्या.

"अरे बाप्पा," भालचंद्र हलक्या आवाजात म्हणाले. "हे तर चालूच आहे!"

"काल तुम्ही काढलीत तेव्हाही चालूच होतं."

ते बराच वेळ तसेच ऐकत बसले. खरखर थांबली तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "तीस वर्षं मशीन ऐकून राहिलो मी. आणि काल एका पट्टीवर विश्वास टाकला! भोंगा मी तोडला, सुचेता. बोलणी तू खाल्ली."

"तुम्हीच नाही हो काका. पट्टीवर मीही विश्वास ठेवलाच होता. तुम्ही बघून ठेवलात, मी ऐकून." ती हसली. "पंगतीत पातेलं रिकामं झालं म्हणजे जेवणं झाली असं नसतं. ताटातलं पोटात जायचं असतं."

"दत्तूबित्तू कुणी नाही," भालचंद्र उठत म्हणाले. "आवाज तुझाच. कमिटीला मी बघतो."

अंतिम फेरी तलावाकाठच्या एका मोठ्या सभागृहात होती. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, सगळीकडची मंडळं आली होती. टाउनशिपमधून मंडळाची बस निघाली, आणि तिच्यामागे बघणाऱ्यांची आणखी एक भरून. आयोजकांची तिथली व्यवस्था जरा वेगळी होती. प्रत्येक संघानं आपले आवाज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणून द्यायचे, तिथून ते आयोजकांच्या डिस्कवर भरायचे, आणि ती डिस्क वर साउंडच्या खोलीत जाणार. हे काम तिवारी नावाच्या गृहस्थांकडे होतं. माणूस हुशार आणि कामसू, पण एका हातानं चार कामं करणारा.

दुपारी जबलपूरचा प्रयोग होता. सुचेता मुद्दाम जाऊन बसली. नाटक सुंदर चाललं होतं. अनुराधा नावाची एक मुलगी त्यात मुकी वधू झाली होती. तिचं सगळं बोलणं मागच्या बासरीतून व्हायचं. मध्यंतरानंतर ती बासरी एका सुराच्या मध्यावर तुटली. हे तुटणं सुचेताच्या चांगल्या ओळखीचं होतं. पुढचा अंक अनुराधानं नुसत्या हातवाऱ्यांवर रेटला, पण नाटकाचा जीव गेला होता. प्रयोग संपल्यावर विंगेमागे ती रडत होती, आणि आयोजकांपैकी कुणीतरी तिच्या दिग्दर्शकाला सांगत होतं, "आपकी फाइल ही खराब थी, साहब."

खरं कारण सुचेताला ओळखता आलं होतं, पण अजून पुरावा हातात नव्हता.

संध्याकाळी त्यांची पाळी आली. ऑफिसात तिवारींनी कॉपी लावली. सुचेता टेबलाला खेटून उभी होती. शेजारी भालचंद्र, आणि साउंडच्या खोलीत तिच्यासोबत बसणार असलेल्या वैजयंतीबाई. बाहेर पहिली घंटा झाली.

"लो जी, हंड्रेड परसेंट," तिवारी म्हणाले. "हो गया आपका." आणि त्यांचा हात डिस्ककडे गेला.

सुचेताचा हात आधीच तिथे होता. तिनं डिस्कवर तळवा ठेवला होता. "रुकिए, भाईसाहब. अभी नहीं हुआ."

"मैडम, स्क्रीन पर लिखा है..."

"लिखा होगा. आप हाथ रखकर देखिए."

तिवारींना तेवढा वेळ नव्हता. दुसरी घंटा झाली. स्पर्धेच्या सरचिटणीस शालिनीबाई दारात आल्या. "अजून इथेच? पडदा उशिरा उघडला तर गुण कापावे लागतील हं. नियम सगळ्यांना सारखा."

आता सगळ्यांच्या माना भालचंद्रांकडे वळल्या. हा तोच माणूस, ज्याला बस दोन मिनिटं थांबली तरी घाम फुटायचा. भालचंद्र दारात गेले, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कापा."

"काय?"

"गुण कापा, बाई. ती म्हणेल तेव्हाच डिस्क निघेल."

तळव्याखाली डिस्क थरथरत होती. सुचेता मोजत नव्हती, घाबरतही नव्हती. तिला वाटत होतं, हे आत लिहिलं जातंय ते आपलं सगळं आहे. वडिलांचा टेपरेकॉर्डर, गच्ची, तो भोंगा. जाऊ दे त्याला सावकाश. तिसरी घंटा झाली. कुणी पाय आपटत गेलं, कुणी घड्याळाबद्दल बोललं. आणि मग तळव्याखालचा थरथराट शांत झाला.

"अब," ती म्हणाली.

तिवारींनी डिस्क रीतसर मोकळी करून तिच्या हातात दिली. "मैडम," जिन्याकडे जाता जाता त्यांनी विचारलं, "आपको पता कैसे चला?"

"सुना," ती म्हणाली. "और सुनिए, जबलपुरवालों की डिस्क आपने कब निकाली थी?"

तिवारी जिन्यातच थांबले. "हंड्रेड परसेंट होते ही. जल्दी हो इसलिए कॉपी की सेटिंग भी मैंने ही बदली थी," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "हे भगवान."

पडदा उशिरा उघडला, पण उघडला. वर साउंडच्या खोलीत सुचेतानं कानावर हेडफोन चढवला आणि मग जगात दुसरं काही उरलं नाही. मोर ओरडले. टाकी वाहिली. सायकलींच्या घंट्या सभागृहाच्या एका भिंतीकडून दुसरीकडे गेल्या, तसं खाली टाउनशिपवाल्यांच्या रांगांमध्ये कुणी तरी "हाय!" म्हणालं. शेवटचा प्रवेश आला. वैजयंतीबाईंनी खांद्यावर बोट टेकलं, आणि सुचेतानं कळ दाबली.

भोंगा उठला. खालून, जमिनीतून यावा तसा. चढला, आणखी चढला. जिथे तुटला होता ती जागा आली, तसा वैजयंतीबाईंचा हात तिच्या खांद्यात रुतला. भोंगा ती जागा ओलांडून गेला. सभागृह भरून, खिडक्या थरथरवत, वर जाऊन टेकला, तिथे रेंगाळला, आणि मग लांब उसासा टाकत उतरला. रंगमंचावर दिगंबरकाका बसलेले होते. ते उठले नाहीत.

आणि सुचेताला एक चमत्कारिक आवाज ऐकू आला. टाळ्या नव्हेत. सळसळ. कापडाची, बांगड्यांची, शेकडो बाह्या एकदम सरकल्यासारखी.

"काय झालं?" ती घाबरून कुजबुजली. "वैजूताई, काय करतायत लोक?"

वैजयंतीबाई समोरच्या काचेशी वाकल्या. "घड्याळं बघतायत गं," त्या म्हणाल्या. "आपली सगळी माणसं मनगटावरची घड्याळं बघतायत. मिसेस शितोळेंच्या हातात घड्याळ नाही, तरी मनगट बघतायत."

आयुष्यभर त्या भोंग्यावर घड्याळं लावलेली माणसं. हात आपोआप वर गेले होते. मग कुणाच्या तरी ते लक्षात आलं, एक जण हसला, एक हुंदका आला, आणि त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो साउंडच्या खोलीच्या काचेतून, भिंतीतून, पायांखालच्या लाकडातून वर आला. सुचेतानं कानावरचा हेडफोन काढला आणि दोन्ही हात समोरच्या काचेवर ठेवले. काच हातांना मुंग्या येतील इतकी थरथरत होती.

खाली सगळे तिला शोधत होते. पण ती जिना उतरली ती सरळ शालिनीबाईंकडे गेली. सोबत तिवारी होते. तिनं बोलावलं नव्हतं, त्यांनी स्वतःच येतो म्हटलं होतं.

"जबलपूरची बासरी त्यांच्या फाइलमुळे तुटली नाही," सुचेता म्हणाली. "डिस्क लवकर निघाली. आमच्या टाउनशिपच्या फेरीत आमचंही हेच झालं होतं. त्यांना पुन्हा प्रयोग करू द्या."

"असं कसं करता येईल? परीक्षकांनी बघितलंय, गुण दिलेत. आणि तुम्ही त्यांच्या विरुद्धच्या संघाच्या ना?"

"आहे ना. म्हणून तर माझं खरं माना."

तिवारी मध्ये पडले. "शालिनीजी, गलती मेरी है. उन लोगों की नहीं. मैंने फाइल चेक की, उनकी सीडी पर पूरी बाँसुरी है, हमारी डिस्क पर आधी."

शालिनीबाई कडक होत्या, पण अन्याय्य नव्हत्या. परीक्षकांशी बोलून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ जबलपूरला दिली. तिवारींनी त्या सकाळी कॉपी केली तेव्हा सुचेताला बोलावून घेतलं. "अब आप ही बोलिए, कब निकालूँ." तिनं अनुराधाचा हात धरून डिस्कवर ठेवला. "तूच सांग त्यांना. थरथर थांबली की काढायची." अनुराधा श्वास रोखून उभी राहिली, आणि योग्य वेळी म्हणाली, "आता!"

तो प्रयोग बघायला टाउनशिपचं आख्खं मंडळ पहिल्या दोन रांगांत बसलं होतं. बासरी शेवटपर्यंत वाजली. मुकी वधू जेव्हा शेवटी हसली तेव्हा सुचेताला ते हसू दिसलं नाही, पण बासरीच्या एका सुरात ते इतकं लख्ख होतं की तिच्याही ओठांवर आलं. शेजारी भालचंद्र नाक ओढत होते. "च्यायला," ते पुटपुटले, "हे तर फारच चांगले आहेत."

निकाल दुपारी लागला. उत्कृष्ट ध्वनी, सुचेता पागे. नाव पुकारलं तशी टाउनशिपची माणसं बाकांवर उभी राहिली. दिगंबरकाका आणि दत्तूनं तिला हाताला धरून मंचाकडे नेलं, आणि पायऱ्यांशी कुणीतरी वाट देत म्हणालं, "ये सुचेता." आवाज ओळखीचा होता. विंगेत हळू बोलणारी तीच बाई. "माझं चुकलं गं," ती म्हणाली, या वेळी मोठ्यानं, चार लोकांत.

"माहितीय," सुचेता म्हणाली, आणि तिचा हात दाबून वर गेली.

मग नाटकांचा निकाल. दुसरा क्रमांक, 'दुसरी पाळी'. पडदा उशिरा उघडल्याबद्दल गुण कापले होते, आणि अंतर तेवढंच होतं. पहिला क्रमांक जबलपूर.

भालचंद्रांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आपणच त्यांना परत उभं केलं, आणि आपल्यालाच पाडून घेतलं! वा रे बाप्पा!" आणि ते इतक्या मोठ्यानं हसले की आधी वैजयंतीबाई हसल्या, मग शितोळे, मग सगळी रांग. हसता हसताच त्यांनी खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि ओरडून सांगितलं, "अगं, दुसरे आलो! दुसरे! पेढे आण, दोन किलो आण!" ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी दिल्ली जिंकली.

जबलपूरची मंडळी ढाल घेऊन खाली उतरली ती थेट टाउनशिपवाल्यांच्या रांगेकडे आली. अनुराधानं ढालीची एक बाजू सुचेताच्या हातात दिली. "ताई, फोटो काढतायत. धरा ना."

"कुठे बघू?" सुचेतानं विचारलं.

"कुठेही बघा," अनुराधा म्हणाली. "हसा फक्त."

सुचेता खळखळून हसली. एका हातात तिची स्वतःची ट्रॉफी होती, दुसऱ्यात जबलपूरची अर्धी ढाल, आणि मागून दोन्ही संघांची माणसं फोटोत मावण्यासाठी एकमेकांना ढकलत, आरडाओरडा करत तिच्याभोवती दाटत होती.